रस्ता ओलांडला की भाव उतरतो

सरांच्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब असायची. त्याला शिंप्यापेक्षा सरांचं तत्त्वज्ञान जास्त जबाबदार होतं. कापड ते एका दुकानातून घेत, बेतायला एका शिंप्याकडे देत आणि शिवायला दुसऱ्याकडे. सगळं एकाच माणसाच्या हातात गेलं की तो माजतो, असं त्यांचं ठाम मत होतं. तिघांपैकी कोणी माजलं नाही हे खरं. शर्टाची जबाबदारीही तिघांपैकी कोणी घेतली नाही.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा मी नाशिक रोडच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवायला लागले. सर तिथं व्यापारी कायदा शिकवत. व्यापारी कायद्यात करार असतो, भागीदारी असते, धनादेश असतो. पण सरांचा जीव मक्तेदारीच्या कायद्यावर. बाकीचं सगळं ते दिवाळीपर्यंत उरकून टाकत आणि उरलेलं वर्ष मक्तेदारीला देत. मुलं त्यांना पाठीमागे 'मक्तेदार' म्हणत. मुलांना विनोद कळतो, याचा तेवढा एकच पुरावा त्या वर्गातून मला मिळाला.

नेमकं त्याच सुमारास सरकारनं देश मोकळा करायचं ठरवलं आणि त्या कायद्यातलं विलीनीकरणाचं प्रकरणच काढून टाकलं. दोन मोठ्या कंपन्यांनी एक व्हायचं तर आधी सरकारची परवानगी घ्या, असं सांगणारं ते प्रकरण सरांचं सर्वांत आवडतं. प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की आता ते शिकवायची गरज नाही. सर म्हणाले, "सरकारनं काढलंय. मी काढलेलं नाही." आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी रद्द झालेली कलमं त्याच तळमळीनं शिकवली. मुलांनाही फरक पडला नाही. चालू कलमंही ती ऐकत नव्हतीच.

न्हावी दोन होते. एक डावीकडून भांग पाडी, दुसरा उजवीकडून. भांग बघून या महिन्यात पाळी कोणाची होती ते आम्ही स्टाफरूममध्ये ओळखत असू. दूधवाले दोन, सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. नोटांच्या छापखान्याजवळच्या कॉलनीत ते राहत. सबंध गावाला त्या छापखान्याचा अभिमान. सरांना मात्र नोटा छापायचं काम आणखी एका गावात चालतं हे कळलं, तेव्हा कुठे त्यांना शेजाराबद्दल बरं वाटू लागलं.

एकदा त्यांनी हे तत्त्व घरातही लावून पाहिलं. आठवड्यातून दोनदा मेसचा डबा आणला तर स्वयंपाकाचा दर्जा टिकून राहील, असं त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना सुचवलं. काकूंनी वाद घातला नाही. उरलेल्या पाच दिवसांचाही डबा लावून टाकला आणि त्या माहेरी देवळ्याला निघून गेल्या. त्या परत आल्या तेव्हा मेसच्या वांग्यानं सरांचा अहंकार पुरेसा शिजला होता. त्यानंतर 'नैसर्गिक मक्तेदारी' नावाचा एक प्रकार असतो आणि तिथं सरकारनं हात घालू नये, असं ते वर्गात शिकवू लागले.

आता त्या दोन दुकानांबद्दल सांगायला हवं, कारण सरांच्या आयुष्यात खटला म्हणावा असा तो एकच घडला.

नाशिक रोडच्या बाजारात साड्यांची दोन मोठी दुकानं समोरासमोर होती. एक दगाजीशेठचं, दुसरं त्र्यंबकशेठचं. दोघंही मूळचे कसमादे भागातले, म्हणजे देवळ्याकडचे शेतकरी, दोघांच्या घरी कांदा, आणि दोघांनाही एकाच वेळी साडीत कांद्यापेक्षा कमी रडावं लागतं हा शोध लागलेला. गावाकडून दोघं दूरचे नातलग, इथं मात्र एकमेकांचं तोंड बघत नसत. दगाजीशेठनं फॉल-पिको फुकट केलं की त्र्यंबकशेठ ब्लाउजपीस फुकट देत. इकडे चहा आला की तिकडे थंड. लग्नाचा बस्ता बांधायला सिन्नरकडची मंडळी ट्रॅक्टरनं यायची. आधी एका दुकानात बसायची, मग "बघून येतो" म्हणत उठून समोर जायची. रस्ता ओलांडला की भाव उतरायचा. परत अलीकडे आलं की आणखी उतरायचा. वधूच्या मामानं त्या रस्त्यावर घातलेल्या फेऱ्यांवर मांडव उभा राहायचा म्हणा ना.

आम्हा बायकांना कॉलेजात साडीच नेसावी लागे, त्यामुळे आमच्या दृष्टीनं तो सुवर्णकाळ होता. सर साडी नेसत नसूनही आमच्याबरोबर यायचे. आत येत नसत. दोन दुकानांच्या मध्ये, रिक्षांना चुकवत, रस्त्यावर उभे राहायचे आणि आम्ही कोणत्या भावानं बाहेर पडलो ते विचारून घ्यायचे. काकूंची साडी ते एका दुकानातून घेत आणि तिच्यावरचं परकर-ब्लाउज समोरून. रंग जुळत नसे. स्पर्धा जुळत असे.

"दोन दुकानं असली की गिऱ्हाईक देव असतं," ते म्हणत. "एकच उरलं की त्याचा भक्त होतो. मग रांगेत उभं राहायचं आणि मिळेल तो प्रसाद घ्यायचा."

आणि एक दिवस बातमी आली, की दगाजीशेठच्या वैशालीचं त्र्यंबकशेठच्या प्रशांतशी ठरलं.

बाजारात आनंदीआनंद झाला. वैर संपलं, नातलग जवळ आले, असं जो तो म्हणू लागला. साखरपुड्याचे पेढे आमच्या स्टाफरूममध्येही आले, कारण वैशाली आमच्याच कॉलेजातून बी.कॉम. झालेली. सरांनी पेढा हातात धरला आणि दोन दुकानांचं आता काय होणार, एवढंच विचारलं. पेढे आणणाऱ्या शिपायाला ते माहीत नव्हतं. सरांना पेढा गेला नाही.

त्यांचा संशय खरा ठरायला वेळ लागला नाही. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोन्हीकडे फॉल-पिकोचे पैसे लागू झाले. थंड बंद झालं, मग चहा. पुढच्या लग्नसराईत बस्त्याचे भाव दोन्हीकडे सारखेच निघू लागले. सिन्नरचा एक मामा सवयीनं तीनदा रस्ता ओलांडून आला आणि दर वेळी तोच आकडा ऐकून, आपल्यालाच ऐकू कमी येतंय की काय, अशा चेहऱ्यानं दुकानाच्या पायरीवर बसलेला मी पाहिला. सर त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याला त्यांनी रद्द झालेलं प्रकरण समजावून सांगितलं. मामा म्हणाला, "ते सगळं खरं हाय सर, पण मंग साडी कुठनं घेऊ?"

सरांनी दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाकडे रीतसर तक्रार केली. आयोगानं कळवलं, की त्या कलमाखाली आता काही करता येत नाही आणि तसंही ते मोठ्या उद्योगांसाठी होतं. नाशिक रोडच्या दोन साडीवाल्यांनी देशाच्या अर्थव्यवस्थेला धोका पोचेलसं दिसत नाही. हे वाचून सर थेट दगाजीशेठच्या गादीवर जाऊन बसले. हे लग्न नसून विलीनीकरण आहे आणि आपली त्याला हरकत आहे, असं त्यांनी सांगितलं. दगाजीशेठ माणूस शांत. त्यांनी सरांसाठी खास चहा मागवला. मग कांद्याच्या लिलावात व्यापारी आधी कसे एकत्र चहा पितात आणि मग बोली कशी एका ठिकाणी अडकते, ते कौतुकानं सांगितलं. जणू सर हे सगळं शिकायलाच आले होते. शेवटी म्हणाले, "हाई लगीन शे सर, धंदा नही."

हे म्हणताना त्यांनी गल्ल्याकडे पाहिलं, असं सर पुढे नेहमी सांगत.

या सगळ्यात वैशालीला कोणी काही विचारलेलं नव्हतं. ते साहजिकच होतं, लग्न तिचं होतं.

एका दुपारी ती लग्नाचं तोंडी आमंत्रण द्यायला स्टाफरूममध्ये आली. दगाजीशेठना मुलगा नाही. कॉलेज सुटल्यापासून दुकान खरं तर तीच बघत होती. वरच्या मजल्यावर ड्रेस मटेरियल तिनं आणलं. पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुली दगाजीशेठच्या पायऱ्या चढू लागल्या त्या तिच्यामुळे. सुरतेला जाऊन माल पसंत करणारी बाजारातली ती पहिलीच मुलगी. सरांनी आमंत्रण स्वीकारलं नाही. दुकानाचं काय, असा तोच प्रश्न विचारला. वैशालीनं सांगितलं, की दोन्ही शेठांचं ठरलंय: तिच्या वडिलांच्या दुकानाचं गोदाम करायचं, धंदा सगळा समोर हलवायचा आणि तिनं घर बघायचं.

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

ती ओढणीची कड दुमडू लागली. मग माझ्याकडे न बघता सरांना म्हणाली, "सर, मला प्रशांत आवडतो. लग्न मोडायचं नाहीये. पण दुकानही सोडायचं नाहीये. तुमच्या कायद्यात असं काही असतं का?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यानं स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, आणि ते एवढे गडबडले की आधी त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि मग स्वतः उठून उभे राहिले. नंतर आम्ही तिघं एका रिकाम्या वर्गात गेलो आणि सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले.

असतं, ते म्हणाले. बाहेरच्या देशांत दोन बड्या कंपन्या एक होतात तेव्हा सरकार दर वेळी नाहीच म्हणतं असं नाही. कधी कधी ते म्हणतं, खुशाल एक व्हा, पण हा कारखाना वेगळा ठेवा, त्याचा मालक वेगळा, खरेदी वेगळी, भाव वेगळे. तसं लग्न कर, पण दुकान तुझ्या नावावर आणि तुझ्या हिशोबानं चालू दे. "आणि जेवताना भावाचं बोलायचं नाही," हे त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. वैशालीनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. विद्यार्थिनी असताना ऐकलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता.

याद्यांच्या बैठकीला तिनं सरांना वधूपक्षाकडून बोलावलं आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीपण या. सरांना आवरायला कोणीतरी लागेल."

बैठक दगाजीशेठच्या जेल रोडच्या घरी होती. मानपान झाले, कोणी काय द्यायचं ते झालं, आणि मग वैशालीनं सरळ सांगितलं, की माझी एक अट आहे: हे दुकान बंद होणार नाही आणि ते मी चालवीन. दगाजीशेठ सुपारी कातरायचे थांबले. प्रशांत आपल्या वडिलांकडे बघत नव्हता, म्हणजे त्याला आधीच माहीत होतं. त्र्यंबकशेठ हसले. त्यांना ती पोरीची हौस वाटली. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की सुनेनं सासऱ्याच्या नाकासमोर दुकान मांडायचं म्हणजे लोक शेण घालतील तोंडात.

इथं गोष्ट निभावली असती. पण सर उभे राहिले.

त्यांनी आधी कलमांचे आकडे सांगितले. मग ती कलमं रद्द झाल्याचंही प्रामाणिकपणे सांगितलं. मग अमेरिकेतल्या तेलाच्या कंपनीचे तुकडे कसे झाले ते सांगायला घेतलं. मी त्यांचा शर्ट मागून ओढत होते, पण त्यांनी शेवटी जे म्हणायचं ते म्हटलंच: तुम्ही दोघं मुलांचं लग्न लावत नाही आहात, गिऱ्हाईकाला लुटायला एक होत आहात.

त्र्यंबकशेठनी टोपी घातली. "चला," ते आपल्या माणसांना म्हणाले. "असल्या घरात सोयरीक नको."

माणसं उठायला लागली. प्रशांत उठला नाही. त्याच्या काकांनी त्याच्या दंडाला धरलं. वैशाली तशीच बसून होती, मान खाली न घालता, पण चेहऱ्याचा रंग पार उतरलेला. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझं काही चुकलं का?" एखादं घर पेटवून काडीपेटी परत मिळेल का विचारावं, तसं. दगाजीशेठ एवढंच म्हणत होते, की बसा, बसा, पोरगी नादान आहे.

तेवढ्यात प्रशांतची आई बोलली. तोपर्यंत तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. तशी गरज कधी पडली नसावी.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ते दुकान बंद झालं तर मी साड्या कुठनं घ्यायच्या?"

त्र्यंबकशेठना ते समजलंच नाही. ते म्हणाले, तुला काय साड्यांचा तोटा आहे.

"ही अंगावरची तिकडचीच हाय. दिवाळीचीबी तिकडचीच. शेजारणीला पाठवून आणते." तिनं पदर नीट केला. "आपल्याकडचा माल मला म्हाईत हाय ना. म्हणून तर घेत नाय."

रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या साडीचा भाव त्र्यंबकशेठ गादीवर बसल्या बसल्या सांगायचे. त्या दिवशी ते आपल्या बायकोच्या साडीकडे बघत राहिले, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच. मग दगाजीशेठना हसू फुटलं. आधी त्यांनी ते खोकल्यात लपवलं, पण पोट हलायला लागलं. आपलं सर्वांत जुनं गिऱ्हाईक कोण, ते त्यांनाही आजच कळत होतं. शेवटी त्र्यंबकशेठ खाली बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि पाणी मागितलं.

दुकान राहिलं, वैशालीच्या नावावर. पुढे आयुष्यभर सर तो निकाल कायद्यानं लागला असं सांगत. आम्ही कोणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माणसाला एखादा खटला जिंकलेला असावा.

लग्नानंतर नवराबायको सकाळी एकाच स्कूटरवरून बाजारात यायची, रस्त्याच्या मधोमध उतरायची आणि एक इकडे, एक तिकडे जायचं. पहिल्या महिन्यातच वैशालीनं फॉल-पिको पुन्हा फुकट केलं. प्रशांतला थंड सुरू करावं लागलं. सिन्नरचे मामा पुन्हा रस्ता ओलांडू लागले. सरांना एवढ्यावर समाधान नव्हतं. एका दिवाळीत दोन्हीकडे एकाच दिवशी सारखीच सूट लागलेली त्यांनी पाहिली आणि ते तडक वैशालीसमोर जाऊन उभे राहिले. जेवताना भावाचं बोललात का, असं त्यांनी विचारलं. वैशाली म्हणाली, "सर, परवापासून आम्ही बोलतच नाही आहोत. भांडण झालंय." सरांना अतिशय आनंद झाला. भांडण मिटवायचा सल्ला त्यांनी दिला नाही.

दोन हजारच्या पुढे कॉलेज रोडला काचेची दुकानं आली. वेगवेगळ्या नावांचे शर्ट, वेगवेगळ्या पाट्या, आत सारखाच गारवा. त्यातल्या तीन नावांची मालक एकच मुंबईची कंपनी आहे, तिनं ती एकेक करून गिळलीत, हे सरांनी पेपरात वाचलं. निवृत्त झाले होते, वेळ भरपूर होता. ते रोज बसनं तिकडे जाऊ लागले. पिशव्या घेऊन बाहेर पडणाऱ्यांना अडवून सांगायचे, की तुम्ही तीन दुकानं हिंडलात, पण पैसे एकाच माणसाला दिलेत. लोक त्यांना कंपनीचाच माणूस समजून सूट किती ते विचारायचे. शेवटी दारावरच्या वॉचमननं त्यांना हाताला धरून, फार अदबीनं, रिक्षात बसवलं. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याला मक्तेदारीची व्याख्या अजून पाठ होती, हे सरांनी मला चारचारदा सांगितलं. वॉचमन का झाला, ते विचारायचं त्यांना सुचलं नाही.

त्याच कंपनीचा माणूस पुढे नाशिक रोडला आला आणि त्यानं वैशाली-प्रशांतची दोन्ही दुकानं एकत्र मागितली. एकेक घ्यायला तो तयार नव्हता. प्रशांत डगमगला होता. त्र्यंबकशेठ तोवर वारले होते आणि धंद्याला पूर्वीचं तेज नव्हतं. वैशालीनं त्या माणसाला सांगितलं, की समोरच्या दुकानाचं मी काही सांगू शकत नाही, ते आमचे प्रतिस्पर्धी आहेत. ते प्रतिस्पर्धी समोरच्या पायरीवर उभे राहून तिचं बोलणं संपायची वाट बघत होते. घरी बरोबर जायचं होतं. दुकानं गेली नाहीत.

मक्तेदारीचा जुना कायदा शेवटी अख्खाच मोडीत निघाला, दिल्लीचा तो आयोगही, आणि त्यांच्या जागी नवा कायदा, नवा आयोग आला. मी भीतभीतच सरांना सांगायला गेले. ते अंथरुणावर होते. म्हणाले, नवा येऊ दे, पण जुना काढायला नको होता. कायद्यालाही स्पर्धा हवी. त्यांच्यावर तेव्हा दोन डॉक्टरांचे उपचार चालू होते, एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता, आणि नेमकं कोणाच्या औषधानं बरं वाटत नाहीये ते काकूंना कळत नव्हतं.

ते गेले त्याच वर्षी हिवाळ्यात, पहाटे. सकाळी दसकच्या स्मशानघाटावर सगळं उरकून मी बाजारातून परत येत होते. प्रशांतचं दुकान बंद होतं. वैशालीचं उघडं. ती गल्ल्यावर बसली होती, डोळे सुजलेले, आणि एका म्हातारीला जरीकाठाची घडी उलगडून दाखवत होती. मला बघून तिनं खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, तू बंद नाही ठेवलंस? ती म्हणाली, की दुपारपर्यंत ते बंद ठेवतायत, मग ते उघडतील तेव्हा मी बंद करीन. दोन्ही दुकानं एकदम बंद ठेवली तर गिऱ्हाईकानं जायचं कुठं?

मी समोरच्या बंद शटरकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग, सरांनी वर्गात उभं केलं असावं तशी, घाईघाईनं म्हणाली, "ठरवून नाही हं, मॅडम. त्यांचं शटर खाली दिसलं, म्हणून मी माझं वर केलं."

ते साफ खोटं होतं. नवराबायकोच्या इतक्या वर्षांच्या धंद्यातलं ते पहिलंच संगनमत असावं, आणि ते पकडणारा माणूस त्याच सकाळी गेला होता.